पडदा न सरकणारे खेळ
(प्रस्तावना)

या पुस्तकातल्या खेळांमध्ये पडदा सरकत नाही. फेरी सुरू होताना जो चौकोन समोर येतो, तेवढंच त्या फेरीचं जग. त्यात चार-सहा मजले असतात, त्यांना जोडणाऱ्या शिड्या किंवा नुसत्या फटी असतात, इकडून तिकडे फिरणारे शत्रू असतात आणि तळाशी आपला बुटका नायक उभा असतो. कडेपलीकडे काहीही दडलेलं नाही. सगळे शत्रू संपवले, सगळ्या वस्तू गोळा केल्या किंवा वरच्या टोकाला पोहोचलं की फेरी संपते आणि नव्या मांडणीचा नवा पडदा येतो. अशा खेळांना आम्ही इथे ‘एकपडदा खेळ’ म्हटलं आहे. डाँकी काँग, मारिओ ब्रदर्स, लोड रनर, बबल बॉबल, स्नो ब्रदर्स ही त्यांतली ओळखीची नावं.

व्हिडिओ गेमचा इतिहास लिहिणारे या खेळांना बहुधा दोन-तीन पानांत आटोपतात. सुरुवातीची यंत्रं दुबळी होती म्हणून पडदा स्थिर होता, मग यंत्रं सुधारली, १९८५ साली सुपर मारिओ ब्रदर्स आला, पडदा सरकू लागला आणि जुना प्रकार मागे पडला, अशी ती हकीकत. ती अर्धवट आहे, आणि हे पुस्तक मुख्यतः तिला उत्तर म्हणून काढलं आहे. नुसत्या तारखा पाहिल्या तरी पुरे. बबल बॉबल १९८६चा, म्हणजे सुपर मारिओच्या नंतरचा. रॉड लँड आणि स्नो ब्रदर्स १९९०चे, टंबलपॉप १९९१चा. या प्रकारातलं सगळ्यांत परिपक्व काम पडदा सरकायला लागल्यानंतर झालं. ते करणाऱ्यांना दुसरं काही येत नव्हतं असंही नाही. स्नो ब्रदर्स बनवणारी जपानची तोआप्लान कंपनी तर सरकत्या पडद्यावरच्या विमानांच्या खेळांसाठीच नावाजलेली होती. तिने स्थिर पडदा विचारपूर्वक निवडला.

अहिल्यानगरच्या सावेडीत राहणाऱ्या माणसाला हे पटवायला फार कष्ट पडू नयेत. इथल्या माउली सभागृहात महाकरंडक स्पर्धेच्या एकांकिका बघायला गर्दी होते, आणि त्या गर्दीतलं कुणी असं म्हणत नाही की तीन अंकी नाटक जमलं नाही म्हणून यांनी एकांकिका केली. एकच नेपथ्य, बांधून दिलेली वेळ, मोजकी पात्रं. या अटी आहेत म्हणूनच एकांकिका एकांकिका होते. एकपडदा खेळही असाच स्वतंत्र रचनाप्रकार आहे. त्याच्या अटी वेगळ्या, त्याचं कसब वेगळं आणि त्यातली फसगतही वेगळी.

सुरुवात कुठून धरायची? बहुतेक जण १९८० सालच्या स्पेस पॅनिकपाशी थांबतात, आणि आम्हीही तिथेच थांबलो आहोत. युनिव्हर्सल या जपानी कंपनीच्या या खेळात मजले होते, शिड्या होत्या, पण उडी नव्हती. जमिनीत खड्डा खणायचा, परग्रहावरचा प्राणी त्यात अडकला की त्याला ठोकून खालच्या मजल्यावर पाडायचं, एवढाच खेळ. खड्ड्याची ही कल्पना त्याच्या आधी, १९७९ साली, टोकियो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने हेइआनक्यो एलियन या खेळात आणली होती. पण तिथे शहराचे रस्ते वरून दिसायचे, नकाशात दिसतात तसे. स्पेस पॅनिकने तोच खड्डा उभ्या छेदात आणला आणि त्याबरोबर खेळात वजन आलं. पडणं ही आता एक घटना झाली. उंचीला किंमत आली.

उडी आली पुढच्या वर्षी. निंतेंदोचा रडार स्कोप नावाचा खेळ अमेरिकेत पडला होता आणि त्याची न खपलेली यंत्रं गोदामात उभी होती. त्यांच्यात बसेल असा नवा खेळ करण्याचं काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. गुनपेई योकोई यांच्या देखरेखीखाली त्याने केलेला डाँकी काँग १९८१ साली बाहेर पडला. चार पडदे, २५ मीटरपासून १०० मीटरपर्यंतची चढाई, वर माकडाने पळवून नेलेली तरुणी आणि खालून पिंपांवरून उड्या मारत जाणारा सुतार. चार पडद्यांत गोष्ट सांगता येते हे या खेळाने दाखवलं. त्यात एक दोष राहून गेला, आणि तोही या प्रकाराबद्दल बरंच काही सांगतो. प्रत्येक लेव्हलमध्ये (म्हणजे पडद्यांच्या एका गटात) मिळणारा वेळ काढायचं सूत्र असं: लेव्हलच्या क्रमांकात ४ मिळवायचे आणि १०ने गुणायचं. बाविसाव्या लेव्हलला उत्तर येतं २६०. पण हा आकडा ज्या एका बाइटमध्ये साठवला जातो त्यात २५५च्या वर काही मावत नाही, म्हणून शिल्लक उरतात ४. पडदा पार करायला पुरेल इतका वेळच मिळत नाही आणि नायक काही सेकंदांत आपोआप मरतो. एवढ्या लांब कुणी पोहोचेल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. खेळणारे पोहोचले.

इथून पुढे तीन घराणी फुटतात. पहिलं चढाईचं. डाँकी काँग ज्युनिअर, पॉपाय, बर्गरटाइम, सगळे १९८२चे. त्यांच्याविषयी पुस्तकात पुरेसं आलं आहे, इथे थांबत नाही. दुसरं घराणं घरगुती संगणकांवर वाढलं. १९८२चा मायनर २०४९अर, १९८३चा मॅनिक मायनर, त्याच वर्षीचा लोड रनर. मॅथ्यू स्मिथ या ब्रिटिश मुलाने मॅनिक मायनर केला तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता. वीस गुहा, प्रत्येकीला नाव, आणि उडी एका ठिपक्याने चुकली तरी मरण. डग्लस स्मिथच्या लोड रनरमध्ये १५० पडदे होतेच, शिवाय स्वतःचे पडदे रचायची सोयही होती. खेळणाऱ्याच्या हाती रचनेची हत्यारं देणाऱ्या सुरुवातीच्या खेळांपैकी हा एक, आणि आज ‘लेव्हल डिझाइन’ शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात त्याचं नाव आदराने घ्यायला हवं.

तिसरं घराणं माझ्या मते या प्रकाराचा गाभा आहे. पडदा साफ करण्याचं घराणं. १९८३च्या मारिओ ब्रदर्सपासून ते मोजायचं. नळांतून कासवं बाहेर पडतात. त्यांच्यावर उडी मारली तर आपणच मरतो. त्याऐवजी कासव ज्या मजल्यावर आहे त्याच्या खालून डोकं आपटायचं, म्हणजे ते उलटं होतं. मग वर जाऊन त्याला लाथ मारायची. उशीर झाला तर ते पुन्हा सुलटं होतं, रंग बदलतं आणि आधीपेक्षा जोरात पळतं. आधी अडकवा, मग संपवा, अशा दोन पायऱ्या. स्पेस पॅनिकच्या खड्ड्यातून निघालेली ही जोडी पुढे प्रत्येक चांगल्या खेळात वेगळ्या रूपात भेटते. बबल बॉबलमध्ये बुडबुड्यात कोंडायचं आणि फोडायचं. रॉड लँडमध्ये जादूच्या छडीने उचलायचं आणि डोक्यावरून इकडून तिकडे आपटायचं. स्नो ब्रदर्समध्ये बर्फाने झाकायचं आणि ढकलायचं. टंबलपॉपमध्ये पाठीवरच्या यंत्राने ओढून घ्यायचं आणि दुसऱ्यावर थुंकायचं.

या दोन पायऱ्यांच्या मधला जो वेळ आहे तिथे खरा खेळ घडतो. गोळी झाडली आणि शत्रू मेला, यात निर्णय एकच असतो. शत्रू अडकला पण मेला नाही, या अवस्थेत खेळणाऱ्याला विचार करावा लागतो. आत्ताच संपवू, की आणखी दोघे शेजारी येईपर्यंत थांबू? थांबलो तर गुण जास्त, पण तो सुटला तर चिडून येणार. पडदा स्थिर आहे, सगळं दिसतं आहे, त्यामुळे चूक झाली तर दोष नशिबाला देता येत नाही.

ताइतो कंपनीच्या फुकिओ मित्सुजी यांनी बबल बॉबलमध्ये ही अवस्था जितकी फुलवली तितकी आधी कुणी फुलवली नव्हती. बब आणि बॉब हे दोन छोटे ड्रॅगन, शंभर पडदे. तोंडातून निघालेला बुडबुडा पुढे जातो आणि मग हवेच्या न दिसणाऱ्या प्रवाहावर तरंगायला लागतो. प्रत्येक पडद्याचे प्रवाह वेगळे. बुडबुडे एका ठिकाणी गोळा होतात, एक फुटला की शेजारचे फुटत जातात, आणि बटण दाबून धरलं तर त्याच बुडबुड्यांवर पाय देत वर चढता येतं. म्हणजे हत्यारच शिडी झालं. मध्येच येणाऱ्या छत्र्या, बूट, रंगीत गोळ्या यांचं आम्हाला फार कोडं वाटायचं. या वस्तू योगायोगाने येतात अशीच सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात यंत्र आतल्या आत मोजत असतं: किती उड्या मारल्या, किती बुडबुडे सोडले, किती फोडले. त्या मोजणीवर पुढची भेट ठरते. आणि शंभरावा पडदा एकट्याने जिंकला तर खेळ सांगतो की हा खरा शेवट नव्हे, मित्राला घेऊन या. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जोडीने येऊन खेळता यावं, मुलींनाही तिथे यावंसं वाटावं, हा मित्सुजींचा हेतू होता. २००८ साली ते गेले, अवघ्या ४८व्या वर्षी. या माध्यमातल्या थोर रचनाकारांत त्यांचं नाव मियामोतोंच्या शेजारी घेतलं जायला हवं.

आपल्याकडे मात्र या घराण्याचा चेहरा ठरला तो स्नो ब्रदर्स. निळा आणि लाल, निक आणि टॉम. पन्नास पडदे, दर दहाव्या पडद्याला बॉस. शत्रूवर बर्फ फेकत राहायचं. अर्धवट झाकला तर तो अंग झाडून मोकळा होतो, पूर्ण झाकला की गोळा तयार. गोळा ढकलला की मजल्याच्या कडेवरून खाली पडतो, भिंतीवर आपटून उलटा फिरतो, वाटेत येईल त्याला चिरडतो आणि तळाच्या भिंतीवर फुटतो. वाटेत आपला जोडीदार आला तर त्यालाही सोबत गुंडाळून नेतो, पण त्याला इजा करत नाही. एकाच ढकलीत सगळा पडदा साफ झाला तर वरून नोटांचा पाऊस. कुठला गोळा कुठल्या कडेवरून सोडायचा हे पाहणारा खेळाडू खेळ सुरू होताच काही क्षण नुसता उभा राहायचा आणि डोळ्यांनी उतार मोजायचा. फार वेळ रेंगाळलं तर भोपळ्याच्या डोक्याचं भूत येतं. ते मरत नाही, आपल्याला पळवत राहतं. बाटल्यांचा हिशोब प्रत्येक मुलाला तोंडपाठ: लाल घेतली की पळायचा वेग वाढणार, निळीने बर्फ मोठा होणार, पिवळीने तो लांब जाणार, आणि हिरवी मिळाली की फुगून उडायचं आणि पडदाभर धुमाकूळ घालायचा.

हे सगळं आम्हाला कुणी शिकवलं? यंत्रावर सूचना इंग्रजीत असत, त्याही अर्ध्या पुसलेल्या. शिकवलं ते मागे उभ्या असलेल्या बघ्यांनी. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत व्हिडिओ गेम पार्लर उघडली तेव्हा खेळणारा एक आणि बघणारे आठ असा प्रकार असे. सावेडी रस्त्यावरच्या ज्या दुकानात मी हे खेळ पाहिले तिथली मशिनं स्थानिक सुताराने प्लायवूडमध्ये ठोकलेली होती. आत टीव्हीची ट्यूब, वर काच, आणि बटणांभोवतीचं सनमायका झिजून पांढरं पडलेलं. शाळा सुटल्यावर दप्तरं भिंतीशी टाकून मुलं मशिनच्या दोन्ही बाजूंना चिकटायची. ‘डबलने खेळू या’, ‘बाटली मला ठेव’, ‘थांब, ढकलू नको अजून’, ‘एवढी लाइफ गेली की मी’ असं सतत चाललेलं. सरकत्या पडद्याचा खेळ मागून बघताना काय चाललं आहे ते कळायला वेळ लागतो, कारण आधी काय घडून गेलं हे माहीत नसतं. एकपडदा खेळात मध्येच येऊन उभ्या राहिलेल्यालाही एका नजरेत सगळा डाव कळतो. म्हणून तो सल्ला देऊ शकतो, म्हणून भांडू शकतो. हे ज्ञान मराठीत तयार झालं, मराठीतच एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि त्यातलं जवळजवळ काहीही कुणी लिहून ठेवलं नाही. या पुस्तकाची खरी निकड तिथे आहे.

पार्लरच्या अर्थकारणाचाही या खेळांशी जवळचा संबंध आहे. १९८५ साली जपानी उत्पादकांच्या संघटनेने बोर्ड आणि मशीन जोडण्यासाठी ५६ पिनांची एकच पद्धत ठरवून दिली. जामा नावाने ती ओळखली जाते. त्यामुळे मशीन तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा खेळ मिळायचा. मग नक्कल केलेल्या बोर्डांचा बाजार उभा राहिला. बबल बॉबलचा नकली अवतार बॉबल बॉबल या नावाने फिरत होता. कोरियात कुणी स्नो ब्रदर्समधली चित्रं बदलून त्याला विंटर बॉबल असं नाव दिलं होतं. आपल्याकडे आलेल्या बोर्डांत अस्सल किती आणि नकली किती हे पार्लरवाल्यालाही ठाऊक नसे. आणि त्याला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की नाणं पडत राहावं. ते भोपळ्याचं भूत खेळाडूला घाई करायला लावतं ते याच कारणासाठी. नाण्याचा हिशोब खेळाच्या रचनेतच विणलेला होता, आणि तरीही चांगल्या रचनाकाराने त्यातून खेळाडूवर अन्याय होऊ दिला नाही.

पार्लर हा मुलग्यांचा अड्डा होता, हेही स्पष्ट लिहायला हवं. आमच्या वर्गातल्या मुली तिथे येत नसत. येऊ दिलं जात नसे. त्यांना हे खेळ भेटले ते घरी, टीव्हीला जोडायच्या गेमवर. निंतेंदोच्या यंत्राच्या स्वस्त नकला भारतभर विकल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ‘९९९९ इन वन’ अशा कॅसेटही. त्या कॅसेटमध्ये खेळ असत काही मोजके, तेच तेच पुन्हा वेगळ्या क्रमांकाने दिलेले. पण कोणते खेळ? डाँकी काँग, मारिओ ब्रदर्स, पॉपाय, नट्स अँड मिल्क. यामागे साधं तांत्रिक कारण आहे. निंतेंदोच्या यंत्राचे पहिल्या एक-दोन वर्षांतले खेळ अगदी छोटे, २४ किंवा ४० किलोबाइटचे, आणि त्यांना कॅसेटमध्ये जादा चिप लागत नसे. एका चिपवर असे भरपूर खेळ कोंबता येत. नंतरचे मोठे खेळ बसत नसत. त्यामुळे जपान-अमेरिकेतली मुलं नव्वदच्या दशकात पुढच्या यंत्रांकडे वळली होती, तेव्हा नगर-औरंगाबाद-सोलापूरच्या घरांत दहा वर्षं जुने एकपडदा खेळ ताजे होते. नकलेच्या व्यापाराने नकळत एक संग्रह जपला. आणि या संग्रहावरच घराघरांतल्या मुली खेळाडू म्हणून तयार झाल्या. या पुस्तकात मुलींनी घरी खेळलेल्या डावांविषयी जे लिहून आलं आहे ते माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत मोलाचं लेखन आहे, कारण हा भाग इंग्रजी इतिहासांतही क्वचितच सापडतो.

पार्लर ओसरली कशी? १९९१च्या स्ट्रीट फायटर २ने मशिनवर दोघांना समोरासमोर उभं केलं, लढतीचे खेळ आले, मग १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ज्याला आख्ख्या देशाने त्यातल्या पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हटलं. हे खेळ जास्त नाणी खात. १९९४ साली स्नो ब्रदर्स २ काढून तोआप्लान बंद पडली. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी मेम नावाचा प्रोग्रॅम बाहेर आणला. जुन्या बोर्डावरचं सगळं यंत्र तो साध्या संगणकावर जसंच्या तसं उभं करत असे. काही वर्षांत नगरच्या सायबर कॅफेत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये मेम पोहोचला, आणि त्यात स्नो ब्रदर्स हमखास असायचा. नाण्याची अट गेली. पाच नंबरचं बटण दाबलं की हवं तितकं क्रेडिट. ज्यांनी पार्लरमध्ये कधी विसावा पडदा पाहिला नव्हता त्यांनी पन्नासावा पाहिला. त्यात काहीतरी कमावलं आणि काहीतरी गमावलं, आणि या दोन्ही बाजूंनी पुस्तकात लेखन आहे.

आता वारसांविषयी. एखाद्या खेळाचा वारस कोण, हे नावावरून ठरत नाही, हा आमचा आग्रह आहे. १९८७चा रेनबो आयलंड्स बबल बॉबलचा अधिकृत दुसरा भाग. बब आणि बॉब त्यात माणसं होतात, इंद्रधनुष्यांवरून वर चढतात, आणि पडदा त्यांच्याबरोबर वर सरकत जातो. सुंदर खेळ आहे, पण त्याचं घराणं वेगळं. बबल बॉबलचा खरा वारसा स्नो ब्रदर्सकडे गेला, जो ताइतोने बनवलेला नव्हताच. हीच कसोटी पुढच्या काळाला लावली की चित्र स्पष्ट होतं. टोरोंटोच्या मेटानेट या जोडगोळीचा एन (२००४) हा लोड रनर आणि मॅनिक मायनरच्या वाटेवरचा: सोनं गोळा करा, दार उघडा, पडदा संपला. टेरी कॅव्हना यांच्या व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही (२०१०) या खेळात उडीच काढून टाकली आहे, तिच्याऐवजी गुरुत्वाकर्षण उलटं होतं, आणि मॅनिक मायनरमधल्या गुहांसारखं तिथेही प्रत्येक खोलीला नाव आहे. त्याच वर्षीचा डच मंडळींचा सुपर क्रेट बॉक्स माझ्या विशेष आवडीचा. शत्रू मारण्याला तिथे गुणच नाहीत, गुण फक्त पेट्या उचलण्याला, आणि प्रत्येक पेटीबरोबर हातातलं हत्यार बदलतं. जो शत्रू तळाच्या आगीत पडतो तो वरून पुन्हा येतो, लाल होऊन आणि जास्त वेगाने. मारिओ ब्रदर्सचं चिडलेलं कासव सत्तावीस वर्षांनी परत आलं ते असं. टॉवरफॉल (२०१३) चार जणांना एका पडद्यासमोर, एका सोफ्यावर बसवतो आणि उजव्या कडेतून गेलेला बाण डाव्या कडेतून आत आणतो. डोनट डोडो (२०२२) तर उघडपणे ऐंशीच्या दशकातल्या मशिनांना वाहिलेला आहे. मूळ नावाने आलेले बबल बॉबल ४ फ्रेंड्स (२०१९) आणि स्नो ब्रदर्स स्पेशल (२०२२) हेही या पुस्तकात आहेत, पण मूळ नाव लावलं म्हणून त्यांना झुकतं माप दिलेलं नाही.

हे आत्ताच का, असा प्रश्न प्रकाशकांनीही विचारला होता. याचं उत्तर भूतकाळाच्या ओढीत नाही. आज खेळ बनवणं हा महाराष्ट्रात शिकण्याचा आणि पोट भरण्याचा विषय झाला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने केलेला राजी २०२० साली जगभर विकला गेला. मुंबईत २०२५ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचं काम सुरू झालं. अॅनिमेशन आणि गेमिंगचे खासगी वर्ग तर सावेडीतही आहेत. पण शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच वर्षी अफाट पसरलेलं जग बनवायचं असतं, ते पूर्ण होत नाही आणि मूल खचतं. एक पडदा, चार मजले, दोन प्रकारचे शत्रू आणि एक कृती, एवढं एकट्याला काही आठवड्यांत बनवता येतं. मग कळतं की खरी अडचण चित्रांची नाहीच. उडी किती उंच असावी, शत्रूने कडेपाशी वळावं की पडावं, अडकलेला शत्रू किती वेळात सुटावा, हे ठरवताना घाम फुटतो. हे प्रश्न ज्याने एका पडद्यात सोडवले त्याला पुढचं सगळं सोपं जातं असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या हाताला वळण लागलेलं असतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आजच्या मोबाइलवरच्या पुष्कळ खेळांत खेळाडूला सगळं दाखवलं जात नाही. पेटीत काय निघेल, समोरचा माणूस आहे की प्रोग्रॅम, शेवट कुठे आहे, आहे की नाही, यातलं काहीच कळू दिलं जात नाही. मूल ज्या खेळात तासन्‌तास अडकून पडतं त्याला तळच नसतो. एकपडदा खेळ पैसे मागायचा तेही उघड मागायचा. त्यातले बहुतेक नियम समोर मांडलेले असत आणि पुष्कळ खेळांत शेवट पन्नासाव्या किंवा शंभराव्या पडद्यावर ठरलेला असे. मुलांना काय खेळू द्यावं यावर पालकसभेत चर्चा होते तेव्हा किती वेळ एवढंच मोजलं जातं. कसला खेळ, त्यात मुलाला काय दिसतं आणि काय लपवलं जातं, हे विचारायला हवं. त्यासाठी तुलना करायला काहीतरी हातात असलं पाहिजे.

पुस्तकाची मर्यादाही सांगतो. मुस्तफा इथे नाही, काँट्रा नाही, विमानांचे खेळ नाहीत. आमच्या पिढीचं त्यांच्यावर प्रेम कमी होतं म्हणून नव्हे, तर पडदा सरकतो म्हणून. सरकता पडदा आला की बघ्याची जागा बदलते, आणि आम्हाला बघ्यासकट हा खेळ समजून घ्यायचा होता. काही लेख रचनेची चिरफाड करणारे आहेत, काही पार्लर चालवलेल्या, बोर्ड दुरुस्त केलेल्या माणसांच्या तोंडून आलेले. त्यांची भाषा एकसारखी केलेली नाही. दुरुस्ती करणारा ‘कार्ड बसलं’ म्हणतो आणि प्राध्यापक ‘अवकाशाची रचना’ म्हणतो, आणि दोघांनाही तसंच राहू दिलं आहे. जिथे खेळाच्या नावाचा उच्चार आपल्याकडे वेगळा रुळला तिथे तोच ठेवला आहे, म्हणून ‘ब्रॉस’ऐवजी ‘ब्रदर्स’. अनुक्रमाने वाचायची सक्ती नाही, मात्र ज्यांनी हे खेळ कधीच खेळले नाहीत त्यांनी आधी मारिओ ब्रदर्सचा एखादा डाव तरी खेळून घ्यावा. नाहीतर उलट्या झालेल्या कासवापाशी धावत जाण्यातली घाई कागदावरून कळणार नाही.

आणि एक विनंती. जुन्या बोर्डांवरचा खेळ ज्या चिपांमध्ये साठवलेला असतो त्यांतल्या पुष्कळांना वर काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यावर कागदी स्टिकर असतो. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की साठवलेला मजकूर पुसला जातो. नुसत्या वर्षांच्या वर्षं पडून राहिल्यानेही तो हळूहळू विरतो. नकली बोर्ड असले तरी त्यांची किंमत कमी नाही, उलट आपल्या गावांत नेमकं काय खेळलं गेलं याचा तेवढाच पुरावा उरला आहे. तुमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या दुकानात किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे असा एखादा बोर्ड असेल तर तो भंगारात देऊ नका, चिपवरचा स्टिकर सोलू नका, आणि तो कुठल्या गावच्या कुठल्या मशिनमधला आहे हे एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा.

सावेडी, अहिल्यानगर